बटण पिसाळलेला नाही!

टेलरबाईंचा कुत्रा बटण चार वर्षांचा होता. दिवसभर शिलाई मशीनपाशी चिंध्यांत लोळत पडायचा. एका सकाळी तो उठायला गेला आणि उभ्याचा आडवा झाला. पाय ताठ, डोळे फिरलेले, तोंडाला फेस! बाईंच्या हातातली कात्री गळून पडली.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या केल्या. "अपस्मार आहे," त्या म्हणाल्या. "माणसांना फिट येते ना, तेच."

"म्हणजे हा जाणार?" बाईंनी विचारलं.

"असं का म्हणता? गोळी मात्र जन्मभर, रोज दोनदा, न चुकता. झटका आला तर सामान बाजूला सारा, तोंडात हात घालू नका, घड्याळाकडे बघा. पाच मिनिटांत थांबला नाही तर तडक इकडे आणा. आणि शेजाऱ्यांना सांगून ठेवा."

घरी आल्यावर नवऱ्याने मान हलवली. "कुणाला सांगायचं नाही. उगाच बोभाटा होईल, बटणला हाकलून देतील."

बाईंनाही ते पटलं. त्या गप्प बसल्या.

आठवड्याभरातच बटण जिन्यात कोसळला. वरून सोसायटीचे चेअरमन उतरत होते. फेस बघताच ते ओरडले, "पिसाळला! काठी आणा!"

दारं उघडली. कुणीतरी खरंच काठी आणून दिली. बाई धावत आल्या. त्या कुत्र्याच्या आणि काठीच्या मध्ये उभ्या राहिल्या.

"तो पिसाळलेला नाही! दरवर्षी लस टोचलीय त्याला. त्याला फिट येते. आधी माझ्यावर उचला काठी!"

"बाई, बाजूला व्हा. इथे लेकरंबाळं राहतात!"

"मग त्यांना काय शिकवताय? आजारी दिसला की झोडपायचा?"

तेवढ्यात चेअरमनांची कॉलेजात जाणारी मुलगी गर्दीतून पुढे आली. बटणच्या डोक्याशी बसून तिने आपली ओढणी घडी करून फरशीवर, त्याच्या डोक्याखाली सरकवली.

"बाबा, मलाही असंच होतं ना? तेव्हा तुम्ही दार लावून घेता. नातेवाइकांना सांगता, पोरीचं पित्त खवळलंय म्हणून. आज मी जिन्यात पडले असते, तर?"

चेअरमनांच्या हातातली काठी खाली आली. ते मटकन पायरीवर बसले. "तुझ्या लग्नाच्या काळजीनं गं, पोरी..." एवढंच ते म्हणाले.

"तुम्हाला माझी लाज वाटत होती, बाबा. काळजी वेगळी असते."

झटका ओसरला. बटण धडपडत उठला, दोनदा भिंतीवर आपटला आणि मग जवळ दिसलेला हात चाटू लागला. तो हात चेअरमनांचा होता. त्यांनी तो मागे घेतला नाही.

संध्याकाळी सोसायटीच्या फलकावर कागद लागला: "बटणला आणि माझ्या मुलीला फिट येते. तेव्हा काय करावं, ते खाली वाचा." खाली चेअरमनांची सही होती. टेलरबाईंच्या नवऱ्याने तो सगळा वाचला, घरी आला आणि गोळीची डबी कपाटातून काढून सगळ्यांना दिसेल अशी खिडकीत ठेवली.

मंडळी, आजार माणसाचा असो की मुक्या जिवाचा, त्यात लपवण्यासारखं काहीच नसतं. आपण दार लावून घेतो, म्हणून तर बाहेरचे काठी उचलतात. दार उघडा, आणि निधड्या छातीने सांगा!