शनवाऱ्यातलं उलटं आकाश

माझी बायको मंगला खांडव्याच्या दवाखान्यात हिवतापाने वारल्याची तार आली, त्या दुपारी आमच्या शनवारा पेठेतला रस्ता गर्दीने बंद होता. नक्षत्रबाबा म्हणून कोणी आले होते, ते तिथल्या गोदामात भर दुपारी तारे दाखवत होते. तारवाल्याला सायकल हातात धरून वाट काढावी लागली.

महिन्याभरात माझ्या सासूबाई, सोजरबाई, त्याच गर्दीत उभ्या राहू लागल्या. मंगला त्यांची एकुलती एक. त्या राहायच्या आमच्याकडेच. त्यांनाही हिवतापच होता. एक दिवस कुनैनच्या गोळ्या तशाच पडलेल्या दिसल्या.

"मामी, गोळी घेतली नाही?"

"सोडली, जावईबापू. बाबांनी मंगलाचा तारा दाखवला. आपण कडू खाल्लं की तो विझतो म्हणे."

डॉक्टर म्हणाले, गोळी बंद राहिली तर म्हातारी पंधरा दिवस काढणार नाही. म्हणून मी त्यांच्यासोबत बाबांकडे गेलो.

कापसाचं रिकामं गोदाम, फटी बुजवलेल्या, धुपाचा धूर. मध्ये लाल कापडाच्या आडोशाला 'नक्षत्रकलश'. बाबा एका विलीन झालेल्या संस्थानाचे राजज्योतिषी होते, असं बाबाच सांगत. "राजासाब का राज सरकारने घेतलं. आसमान कोण घेणार? ते मी सोबत आणलं."

दार लागलं आणि छतावर तारे उमटले. बायका हुंदके देऊ लागल्या. आकाश हळूहळू पश्चिमेकडे सरकलं. तेवढ्यात कोणीतरी दार किलकिलं केलं, वारा आला आणि सगळे तारे एकदम थरथरले. धुपाखालून घासलेटचा वास आला.

मी रात्री केळीला पाणी द्यायला दापोऱ्याच्या शेतात उघड्यावर झोपतो, आकाश रोजचं आहे. सप्तर्षींना आम्ही बाज म्हणतो: चार खुरांची बाज पुढे, ती चोरायला निघालेले तीन चोर मागे. इथे चोर पुढे चालले होते.

"बाबा, चोर पुढे कसे?"

"मेलेल्यांचं आकाश आहे, बेटा. तिकडून सगळं उलटं दिसतं."

"वाह," मागून आमच्या गल्लीतला सुकलाल शिंपी म्हणाला. लोकांनी मलाच गप्प बसवलं.

कलशाला भोकं आणि आत दिवा असणार, हे मी करून पाहायचं ठरवलं. घरी वनस्पती तुपाचा रिकामा डबा होता. बाजेचे सात ठिपके कागदावर काढले, कागद डब्यावर बाहेरून चिकटवला आणि ठिपक्यांवर खिळा ठोकला. खिडकीवर गोधडी टांगली, घासलेटच्या पेटत्या चिमणीवर डबा पालथा घातला, हवेसाठी खाली विटेचे तुकडे ठेवले. भिंतीवर बाज उमटली. आकाश सरकतं तसा डबा पश्चिमेकडे फिरवला, तर माझेही चोर पुढे.

मग कळलं. भोकं बाहेरून पाडतो, उजेड आतून येतो; चित्र उलटणारच. दुसऱ्या डब्यावर कागद पालथा चिकटवून भोकं पाडली, तेव्हा चोर मागे गेले. बाबांना कागद पालथा घालायचं सुचलं नव्हतं, एवढंच त्यांचं परलोकाचं ज्ञान.

सासूबाईंना दोन्ही डबे दाखवले. "मामी, आता तुम्ही ठोका."

त्यांनी खिळा धरला, ठोकला. भिंतीवर नवा तारा आला. मी भोकावर मेण लावलं, तारा गेला. त्यांनी नखाने मेण काढलं, आला. पुन्हा लावलं. पुन्हा काढलं.

"म्हणजे मंगला तिथे नाही."

"नाही, मामी."

"मग कुठे आहे?"

"कुठेच नाही."

त्यांनी डब्याकडे बोट केलं. मग म्हणाल्या, "मेल्याने माझ्या पोरीला डब्यात कोंबलं," आणि पाणी मागितलं. गोळी घेतली. तोंड वाकडं केलं.

ज्याला माझं खोटं वाटतं, त्याने डबा, खिळा आणि चिमणी घेऊन घरी करून पाहावं. माझ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही, बाबांवर तर नाहीच. मेलेलं माणूस दिसावं असं मलाही वाटतं, पण त्यासाठी जिवंत माणसाची गोळी बंद करू नये.

बाबा अजून गोदामात आहेत. आमच्या गल्लीत आणखी चार घरांत कुनैन तशीच पडून आहे. सुकलालची बायको कालपासून हिवतापाच्या थंडीने कुडकुडते आहे. त्याच्याकडे डबा घेऊन दोनदा गेलो. त्याने अजून दार उघडलेलं नाही.