पश्चिमेच्या केळी

आमच्या धाकूला माया भरपूर आणि अक्कल बेताची, हे मी त्याच्या तोंडावर सांगते. दीर असला म्हणून काय झालं? मी लग्न होऊन सर्वणला आले तेव्हा हा मेला शेंबूड पुसत होता.

चवथीला गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधायचं काम त्याचं. लाकडी चौकटीला नारळ, तवशी म्हणजे मोठ्या काकड्या, सुपारीचे घोस, रानातली फळं, सगळं टांगायचं. यंदा तर उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! मला म्हणतो, "वयनी, औंदा घरात दुख झाला. माटोळी अशी भरूया, की घरात कायेक उणा दिसूचा नाय." आणि घरामागच्या कुळागरात, आमच्या पोफळी-केळींच्या बागेत शिरून त्याने केळीचे पाच घड उतरवले. घड उतरला की केळ बुडातून तोडायची, ही आमच्याकडची रीत. ती त्याने पाळली. वर आणखी दोन तोडल्या, दाराला बांधायला.

माटोळी देखणी झाली, नाही कशाला म्हणू? पण तोडलेल्या केळी नेमक्या पश्चिमेच्या ओळीतल्या होत्या. त्यांच्याच सावलीत अश्विनीने पोफळीची रोपं लावली होती.

अश्विनी माझी सून. कुडाळकडची, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकलेली. माझा साईश सुर्ल्याला खनिजाचा ट्रक चालवतो, उजाडायच्या आधी जातो, त्यामुळे दिवसभर घरात आम्ही दोघीच. पौषात तिचं बाळ पोटातच गेलं. दिवस भरत आले होते हो! त्यानंतर ती खोलीतून बाहेर येईना, खिडकी उघडू देईना. मी काय कमी केलं? देवळात चल, लग्नाला चल, चार माणसांत बस. माणसांत नेऊन आणली की दोन दिवस तोंडावरची चादर काढत नसे. मी म्हणायचे, "बाय माझे, असा किती दिवस?" ती भिंतीकडे वळायची.

मिरगाला धाकूनेच ती रोपं आणून परसात टाकली. दोन दिवस तशीच भिजत पडली, तेव्हा ही उठली. स्वतः खड्डे काढले, केळींच्या आडोशाने एकेक रोप लावलं. मग रोज सकाळी त्यांना बघून यायची. पोटभर जेवायला लागली. एकदा तर माझ्या शिव्या ऐकून खुदकन हसली. सुपारी धरो न धरो, मला माझी सून परत हवी होती.

चवथ सरली, पाऊस थांबला आणि ऊन पडलं. भादव्याचं ऊन म्हणजे काय ते आम्हाला विचारा, पाठ सोलून काढतं. आठवड्यात रोपांची पश्चिमेकडची पानं पिवळी पडली, मग त्यांवर भाजल्यासारखे तपकिरी चट्टे आले. अश्विनी बघून आली आणि थेट खोलीत गेली. आतून कडी लागली.

धाकू ओसरीवर चहा पीत बसला होता. सगळा राग त्याच्यावर निघाला. "शिरां पडली तुझ्या माटोळीर! पोरगी आता कुठे उठून बसली होती रे, मेल्या! तिचा आडोसाच तोडलंस!" धाकू एवढा बाप्या, पण कप खाली ठेवून डोळे पुसायला लागला.

कडी निघाली. अश्विनी दारात येऊन उभी राहिली.

"काकांका बोल लावू नका, आई. केळी तोडल्यानी तेव्हा मी थंयच होतंय. माका पण सुचूक नाय."

आणि तिथेच उंबऱ्यावर बसून तिने धाकूला समजावलं. इतके शब्द तिच्या तोंडून मी कित्येक महिन्यांत ऐकले नव्हते. पान म्हणे उजेडावर आपलं जेवण रांधतं. पण रांधायला लागतो त्याहून जास्त उजेड आला तर आतली रांधायची भांडीकुंडीच जळायला लागतात. म्हणून कुकर शिटी सोडतो तसं पान जादाच्या उजेडाची ऊब करून बाहेर टाकतं. त्यासाठी पानात वेगळे पिवळे रंग असतात. आंब्याची कोवळी पालवी तांबडी असते, तीही उगीच नाही, आतल्या हिरव्यावर ओढलेला तो पदर असतो. सावलीत वाढलेल्या पानाकडे ही तयारी थोडी. ती हळूहळू वाढते. एकदम उन्हात उघडं पाडलं तर त्याला वेळच मिळत नाही.

"मगे आता?" धाकूने नाक पुसत विचारलं.

"सावली करूया. पण थोड्या दिवसांची."

धाकूने माडाची चुडतं, सुकलेल्या झावळ्या आणून पश्चिमेला आडोसा उभा केला. दर चार-सहा दिवसांनी अश्विनी त्यातलं एखादं काढायची, थोडं ऊन आत घ्यायची, पानं निरखायची. जास्त वाटलं तर पुन्हा लावायची. मी कोयता घेऊन भाजलेली पानं छाटायला गेले, तर तिने माझा हात धरला. "नको, आई. अर्धा पान अजून हिरवा हा. तेच्यारच ता जगता." मी कोयता खाली ठेवला. त्या दिवसापासून मी तिला कुठेही चल म्हटलं नाही. खिडकी उघडली तर उघडली, नाही तर नाही.

दिवाळीच्या आधी रोपांच्या मधल्या सुरळ्या उलगडायला लागल्या. नवीन पान उन्हातच उघडलं आणि उन्हातच टिकलं. उरलेली चुडतं अश्विनीने चुलीत घातली.

त्याच आठवड्यात शेजारची सुमंगला आली. तिच्या लेकीच्या बाळाचं बारसं होतं. मला आमंत्रण दिलं आणि आत बघत चाचरत उभी राहिली. मी म्हणणार होते, अश्विनीला नको गं. तेवढ्यात तीच बाहेर आली. "मी येतंय, काकी."

बारशाला पाळण्याभोवती बायका बसल्या. 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' म्हणत बाळ पाळण्याखालून-वरून हातोहात फिरायला लागलं. अश्विनीच्या हातात आलं आणि तिथेच थांबलं. तिने त्याला छातीशी धरलं, आणि जो हंबरडा फुटला, बाई! इतक्या महिन्यांत ती कुणासमोर अशी रडलीच नव्हती. कुणीतरी म्हणालं, "शुभ कामात डोळ्यांत पाणी नको गो." सुमंगला बाळ घ्यायला पुढे झाली.

"हात लावशीत तर बघ!" मी ओरडले. "रडांदे तिका! पोटभर रडांदे!"

सुमंगला मागे सरली. बाळ मात्र डोळे मोठे करून तिच्याकडे बघत होतं. बऱ्याच वेळाने तिने त्याच्या टाळूवर ओठ टेकवले, पाळण्याखालून त्याला माझ्याकडे दिलं, आणि रडतच, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "घ्या आई, गोपाळ घ्या."