पदराखालचा सौदा

रत्नाबाईला गप्प बसायला सांगणं म्हणजे चुलीला धूर करू नको म्हणण्यासारखं. पण डॉक्टर करीम यांनी नेमकं तेच सांगितलं. "वैनी, आज दिवसभर बोलायचं न्हाय. नुसता त्यांचा हात धरून बसायचं."

हात तिच्या नवऱ्याचा, धनपालचा. शाहूपुरीतला हा नावाजलेला गुळाचा अडत्या. चिमूटभर गूळ जिभेवर ठेवून त्याचं गाव सांगायचा. आठ महिन्यांपूर्वी त्याचं मन विझलं ते विझलंच. मग त्याला गूळ काय नि माती काय. घरात दोन शब्द बोलेना. सहासष्ट सालची ही गोष्ट. करीम नुकतेच विलायतेहून परतले होते. तिथं अशा उदासीवर एक नवं औषध देत. सात-आठ तास माणसाला नाही नाही ते रंग दिसत, आणि कधी कधी मनाची अडकलेली कडी निघे. हेही फसलं तर पुढं विजेचे झटके. त्या धास्तीनं रत्नाबाईची झोप उडाली होती.

सकाळी नऊला घरीच, डॉक्टरांसमोर धनपालनं थेंबभर औषध घेतलं. परक्या पुरुषादेखत नवऱ्याचा हात धरायचा म्हणजे लाजच. तिनं हातांवर पदर ओढून घेतला.

तिथंच घोटाळा झाला. गूळबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत, रुमालाखाली बोटं दाबून ठरवतात; जितकी बोटं, तितका भाव. पदर पडताच धनपालची बोटं जागी झाली. त्यानं तिचं एक बोट दाबलं. तिला बाजारातलं ओ की ठो कळत नव्हतं. घाबरून तिनं त्याचा अख्खा पंजा धरला. त्यानं सोडवून घेतला, पुन्हा एकच बोट दाबलं. तिनं पुन्हा पंजा धरला. दुपारी तो हमसून हमसून रडला, तीही रडली, पण हात तिनं सोडला नाही.

चारच्या सुमारास धनपाल चक्क हसला. "अगं, तुला भाव करता येत न्हाय."

आता बोला म्हणून डॉक्टरांनी मान डोलावली आणि रत्नाबाईचं तोंड एकदाचं सुटलं. "व्हय, न्हाय येत! पर सकाळधरनं कशाचा सौदा चाललाय ओ? बोटं दुखाय लागली की माझी."

"माझाच की. माझी किंमत एका बोटाच्या वर न्हाय, म्हणत हुतो. आन् तू दर खेपेला पंजाच धरत हुतीस."

रत्नाबाईनं पदराखालून आपला पंजा बाहेर काढला आणि दुखरी बोटं एकेक करून मोजली.

"दिवस मावळायच्या आत जेवाय वाढ," तो म्हणाला. "गूळबी आण."

तिला उठायचं होतं, पण ती उठली नाही. पदराखाली तिनं पुन्हा पाची बोटं धरली, आणि या खेपेला धनपालनं हात सोडवून घेतला नाही.