श्वेताला आणायला

वामनराव निघताना प्रयागबाईने एकच गोष्ट बजावली होती. आजाराचं पोरीपाशी अवाक्षर काढायचं नाही.

वामनराव कोराडीच्या वीज केंद्रातून रिटायर झाल्यापासून दोघं नवरा-बायको नागपुरात हुडकेश्वरच्या घरात राहत होते. एकुलती मुलगी श्वेता दूर गुजरातेत, जामनगरजवळच्या सागरी राष्ट्रीय उद्यानात प्रवाळांची पाहणी करणाऱ्या एका प्रकल्पात होती. प्राणिशास्त्र शिकून तिने ही नोकरी मिळवली तेव्हा ती कसली नोकरी हे आईबापांना नातेवाइकांपाशी नीट सांगताही यायचं नाही. वामनराव "समुद्रात सरकारी काम" एवढंच सांगत.

दिवाळीनंतर प्रयागबाईच्या छातीत गाठ सापडली. ऑपरेशन झालं. श्वेताला मात्र पित्ताच्या खड्याचं ऑपरेशन सांगितलं. ती येते म्हणाली, तर आईनेच तिला थांबवलं. मग गाठ कॅन्सरची निघाली. डॉक्टरांनी किमो सांगितली. तिसऱ्या दिवशी प्रयागबाई पोरीसाठी तिळाचे लाडू करायला बसली. स्वतःला जाता येणार नव्हतं, म्हणून नवऱ्याला म्हणाली, तुम्ही जाऊन या, पोरगी कशी राहते ते डोळ्यांनी बघून या. तिचं काम मार्चपर्यंत आहे. तोवर तिला काही कळता कामा नये.

वामनराव हो म्हणाले. धाकट्या भावाची बायको इंदूबाई सोबतीला येऊन राहिली आणि ते जामनगरवरून जाणाऱ्या ओखा गाडीत बसले. पण रात्री बर्थवर पडल्या पडल्याच त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं, की श्वेताला सोबत घेऊनच परतायचं. आजाराचं नाव काढायचं नाही, म्हणजे दिलेला शब्दही मोडणार नाही. घरात आई आजारी आणि जवान मुलगी हजार किलोमीटरवर, हे बरोबर नाही, असं ते स्वतःला सांगत राहिले.

श्वेता त्यांना घ्यायला स्टेशनवर आली होती. उन्हाने काळी झाली होती, हातांवर ओरखडे होते, पण तब्येत चांगली दिसत होती. दुसऱ्या दिवशी मोठी ओहोटी होती. ती वडिलांना उद्यान दाखवायला घेऊन गेली.

समुद्र मागे सरकून गेला होता आणि जिथवर नजर जाईल तिथवर खडकाळ, ओली जमीन उघडी पडली होती. जाड तळाचे बूट घालून ते घोटाभर पाण्यातून चालू लागले. पुढे उद्यानाचा वाटाड्या काठी टेकत चालला होता. कुठे पाय ठेवायचा आणि कुठे नाही, हे श्वेता सांगत होती. तिने एका खळग्यापाशी वडिलांना वाकायला लावलं, तर दगड समजून ते ज्याच्याकडे बघत होते त्यालाच अचानक हातपाय फुटले आणि तो सरपटत कपारीत शिरला. तो ऑक्टोपस होता. वामनराव लहान मुलासारखे हसले. फुगून चेंडू झालेला मासा पाहिला, निळसर खेकडे पाहिले, मेंदूसारख्या वळ्यावळ्यांचा प्रवाळ पाहिला. अर्धाएक तास घराची आठवणच झाली नाही. मग ती झाली, आणि आपण हसलो याची त्यांना लाज वाटली.

श्वेताने पिशवीतून प्लास्टिकच्या नळ्यांची एक चौकट काढली, प्रवाळांवर अलगद ठेवली आणि वरून फोटो घेतले. चौकटीतले निम्मे प्रवाळ पांढरेफटक होते.

"हे मेले का?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा. उन्हाळ्यात पाणी लय तापलं होतं, रंग उतरला त्याईचा. जीव आहे अजून. परत रंग धरते का, हेच तं पाहून राहिलो आम्ही. म्हणून मार्चपर्यंत दर मोठ्या ओहोटीले यावं लागते. एक खेप चुकली तं सारी नोंदच तुटते."

ती पुन्हा वाकली. कॅमेरा धरलेला तिचा हात जराही हलत नव्हता. तिला इथून हलवणं सोपं नाही, हे वामनरावांना त्या क्षणी कळलं. तेवढ्यानेच ते घाबरले असावेत.

"श्वेता, तू घरी चाल," ते म्हणाले. "माह्यासंग. परवाच्या गाडीनं."

तिने कारण विचारलं. त्यांना धड सांगता येईना. आई थकली आहे, म्हणाले. मग, एकट्या मुलीने असं राहणं बरं नाही, म्हणाले. श्वेताला वाटलं, आपण मागे नाकारलेलं मनीषनगरच्या इंजिनिअर मुलाचं स्थळ पुन्हा निघालं आहे. ती चिडली. मी नाही म्हणून कळवलं होतं ना, मग इथवर यायचं काय कारण, असं तिने विचारलं. त्यांनीही आवाज चढवला. स्थळाचा काही संबंध नाही, हे सांगायचं सोडून, आईबापाचं ऐकायचंच नसेल तर शिकवलं कशाला, असं काहीबाही ते बोलून गेले.

वाटाड्याने शिट्टी वाजवली. भरती सुरू झाली होती. पाणी समोरून येईल असं वामनरावांना वाटत होतं, पण ते बाजूच्या चरांमधून आधीच मागे शिरलं होतं आणि परतीची वाट गुडघ्यापर्यंत बुडाली होती. श्वेता माझ्या मागेमागे चला म्हणाली. ते रागात होते. तिच्या बाजूने झपझप पुढे निघाले आणि गढुळलेल्या पाण्यात त्यांचा पाय एका भोकात गेला.

ते आडवे पडले. नडगी सोलून निघाली. श्वेताने काखेत हात घालून त्यांना उठवलं, दुसऱ्या बाजूने वाटाड्याने धरलं. पाणी चढत होतं आणि किनारा होता तिथेच दिसत होता. वामनरावांना धाप लागली.

"तुह्या मायले कॅन्सर हाय," ते म्हणाले.

श्वेता थांबली नाही. तिची पकड फक्त घट्ट झाली. पाय उचला, डावीकडे ठेवा, आता उजवा, असं ती त्यांना काठावर आणेपर्यंत सांगत राहिली. कोरड्या जागी बसवून तिने बाटलीतल्या पाण्याने जखम धुतली, आत रुतलेले कण चिमट्याने काढले. मग खालमानेनेच विचारलं, "किमो कधीपासून?"

"येत्या सोमवारपासून."

"आईनं सांगू नका म्हटलं होतं ना?"

त्यांनी ओला बूट ओढून काढला. तिला कळायचं ते कळलं.

परवाच्या गाडीने दोघं नागपूरला आले. दारात श्वेताला सामानासकट पाहून प्रयागबाईने तिला जवळ घेतलं, तोंडावरून हात फिरवला, आणि तिच्या खांद्यावरून नवऱ्याकडे पाहत म्हणाली, "येवढी एकच गोष्ट सांगतली होती तुमाले."

त्यानंतर बरेच दिवस ती वामनरावांशी कामापुरतंच बोलली. किमो सुरू झाली. दवाखान्यात श्वेताच जायची, औषधं तीच बघायची. केस गळायला लागले तेव्हा आईचं डोकं तिनेच साफ करून दिलं. दोन मोठ्या ओहोट्या चुकल्यावर प्रकल्पाच्या साहेबांचा फोन आला. ते समजूतदारपणे बोलले, पण पाहणी थांबवता येत नव्हती. तिच्या जागी दुसरी मुलगी रुजू झाली. हे ऐकून प्रयागबाई भिंतीकडे तोंड करून झोपून राहिली. त्या दिवशी जेवलीही नाही.

डॉक्टर ठाम काही सांगत नव्हते. गुण येतो आहे, पुढचं पुढे पाहू, एवढंच म्हणायचे.

एका दुपारी प्रयागबाईला झोप लागली होती. श्वेता मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. वामनराव तिथे जाऊन पायरीवर बसले. नडगीची जखम भरली होती, पण उठता-बसता अजून ओढ लागायची.

"तुह्या मायसाठी तुले आनलं, असं मी साऱ्याईले सांगतो," ते म्हणाले. "तसं नोहतं. मले भेव वाटून राहिलं होतं. रात्री ती वांत्या करन, मी एकटा काय करीन, हेच डोक्यात होतं. माह्यासाठीच आनलं तुले."

श्वेताने हातातला टॉवेल झटकला, दोरीवर टाकला, दोन्ही टोकांना चिमटे लावले.

"मी आलीच असती, बाबा," ती म्हणाली. "आईचं समजलं असतं तं एक दिवस थांबली नसती. पन तुम्ही आधी भांडले माह्यासंग. मले वाटलं, माह्या कामाची तुमाले किंमतच नाही. ते अजून जात नाही मनातून."

त्यांनी मान हलवली. आपल्याला तिच्या कामाची किंमत आहे, त्या दिवशी ओहोटीत तिला काम करताना पाहिलं तेव्हाच ती कळली होती, हे सांगायचं त्यांच्या मनात होतं. पण आता ते म्हणण्यात काही अर्थ उरला आहे की नाही, हे त्यांना ठरवता येईना.

आतून प्रयागबाईची हाक आली. तिला पाणी हवं होतं. श्वेता बादली खाली ठेवून निघाली, तर वामनराव दाराचा आधार घेत उठले.

"तू राहू दे," ते म्हणाले. "मी देतो."

प्रयागबाईने डोळे उघडून पाहिलं, आणि त्यांच्या हातून पेला घेतला.