एकोणऐंशीचा ब्रेक

चारुदत्त मायदेव म्हणजे भुलीचे डॉक्टर. आधी पाच वर्षं इंग्लंडातल्या लेस्टरला आणि मग तीसेक वर्षं इथे कॅनडातल्या हॅलिफॅक्सला त्यांनी हजारो माणसांना झोपवलं आणि वेळेवर उठवलंही. औषधाच्या मात्रेत कधी थेंबाची चूक नाही. आकड्यांच्या बाबतीत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि हे महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीत ते स्वतःच सांगत, एकदा जेवणाआधी आणि एकदा जेवणानंतर. आता बघा, अशा माणसाने आयुष्यात एकच आकडा चुकीचा सांगावा आणि तोच नेमका लाकडी पाटीवर सोनेरी रंगात रंगवला जावा! नशीब नशीब म्हणतात ते हेच.

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी सकाळी ते ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करून घरात आले ते हातात एक पाकीट घेऊन. पाकिटाची दशा झाली होती. पाठवणारीने पत्त्यात देशाचं नावच लिहिलं नव्हतं, त्यामुळे पत्र आधी इंग्लंडातल्या यॉर्कशरच्या हॅलिफॅक्सला गेलं, तिथे महिनाभर पडून राहिलं, आणि मग कुणा भल्या माणसाने त्यावर लाल शाईत ‘कॅनडात बघा’ असं लिहून पुढे ढकललं. चारुदत्तांनी ते दारातच फोडलं आणि उभ्याउभ्याच वाचलं. बुटांचा बर्फ वितळून कार्पेटवर तळं साचलं तरी त्यांना पत्ता नाही.

“अहो, बूट,” मृणालिनीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. उत्तर आलं नाही तेव्हा बाहेर आल्या. नवऱ्याचा चेहरा बघून त्यांनी कार्पेटचा विषय सोडून दिला. “कोण गेलं?”

“कोणी गेलं नाही. बस जरा.”

पत्र कॅथरिन नावाच्या बाईचं होतं. लेस्टरमधली काही हौशी मंडळी शहराच्या स्नूकरचा इतिहास लिहीत होती. शिंप्याच्या दुकानावरचे हॉल, मोज्यांच्या गिरण्यांमधले क्लब, त्यांच्या लीग, टेबलांना हिरवं कापड चढवणारे कारागीर, असं सगळं त्यात होतं. एक अख्खं प्रकरण चारुदत्तांच्या जुन्या क्लबवर होतं आणि त्याचं नाव होतं ‘एकोणनव्वद’. कॅथरिनने लिहिलं होतं, ‘माझ्या वडिलांचा, वॉरेनचा, तो ब्रेक तुम्हीच मोजला होता. त्या संध्याकाळचे साक्षीदार आता दोघंच उरलेत, तुम्ही आणि जेम्स. जेम्स त्याविषयी बोलत नाहीत. तुम्ही चार ओळी द्याल का? वीस तारखेला पुस्तक छापायला जाणार आहे.’

त्या दिवशी अठरा तारीख होती.

“मग द्या की चार ओळी,” मृणालिनीबाई म्हणाल्या. “एवढं काय तोंड पाडून बसायचं?”

“तो ब्रेक एकोणनव्वदचा नव्हता, मृणाल. एकोणऐंशीचा होता.”

झालं होतं ते असं. चौऱ्याहत्तर साली सव्वीस वर्षांचे डॉक्टर मायदेव लेस्टरच्या एका क्लबात जाऊ लागले. खेळात अगदीच यथातथा, पण बेरीज विजेसारखी. म्हणून मंडळींनी त्यांना मार्कर केलं, म्हणजे खेळणाऱ्याचे गुण मोजायचे आणि पुकारायचे. स्नूकरमध्ये माणूस एका दमात, न चुकता, जेवढे गुण मिळवतो त्याला ब्रेक म्हणतात. क्लबचा विक्रम होता चौऱ्याऐंशी, आणि तो होता जेम्सचा. जेम्स मोज्यांच्या गिरणीत कामाला होता. अबोल माणूस. नव्या हिंदुस्थानी डॉक्टरला न विचारता चहाचा कप आणून देणारा तिथे तो एकटाच.

त्या मोसमात स्नूकरचा एक मोठा माजी विजेता क्लबला भेट द्यायला येणार होता, आणि ठरलं होतं की ज्याच्या नावावर विक्रम, तो त्याच्याबरोबर एक डाव खेळणार. जेम्सच्या बायकोने त्यासाठी बाटलीच्या हिरव्या रंगाचं जाकीट शिवायला घेतलं होतं.

आणि त्याच्या आठच दिवस आधी वॉरेनला सूर सापडला. दहा लाल चेंडू, नऊ वेळा काळा, एकदा गुलाबी; लालचा एक गुण, काळ्याचे सात, गुलाबीचे सहा. चारुदत्त मनात मोजत होते, अर्थात मराठीत. माणूस बोलतो कुठल्याही भाषेत, मोजतो आईच्याच. बाहत्तर झाले, काळा पडला, सात मिळाले, एकोणऐंशी. पुढचा लाल हुकला. सगळा हॉल ओरडला, “डॉक, किती?” डोक्यात होतं एकोणऐंशी, आणि त्यातली ‘ऐंशी’ तेवढी जिभेवर आली. तोंडातून गेलं, “एटी-नाइन.”

तिसरीतली निम्मी पोरं जिथे मार खातात तिथेच एम.डी. झालेला माणूस घसरला. हॉलमध्ये टोप्या उडाल्या. जेम्सने उठून वॉरेनचा हात हातात घेतला आणि तो घरी गेला.

“आणि हे तुम्हाला कळलं कधी?” मृणालिनीबाईंनी विचारलं. त्यांना आधी हसू आलं होतं. आता ते मावळलं होतं.

“दुसऱ्या दिवशी. बसमध्ये. पुन्हा बेरीज केली तेव्हा.”

“आणि सांगितलं नाहीत?”

“शुक्रवारी माझ्या सभासदत्वाचं मतदान होतं. माझं नाव सुचवलं होतं वॉरेनने. युगांडातून हाकललेले आपले लोक तिथे आलेले, त्यावरून गावात कुरबुर चाललेली, क्लबातही चारपाच जण मला काढायला टपलेले होते. म्हटलं, मतदान होऊ दे, मग सांगू. मतदान झालं. मग म्हटलं, विक्रमाची पाटी रंगवून झालीय, आता कसं सांगू. मग तो विजेता येऊन वॉरेनबरोबर खेळूनही गेला. मग आपण इकडे आलो.”

मृणालिनीबाईंना आता बेसमेंटचा उलगडा झाला. सत्तेचाळीस वर्षं लोक विचारत होते की डॉक्टर, एवढं मोठं बेसमेंट आहे, स्नूकरचं एक टेबल का नाही टाकत, आणि हे म्हणत होते कंबर दुखते.

“जीभ घसरली ती माफ,” त्या म्हणाल्या. “ती कुणाचीही घसरते. पण नंतर गप्प बसलात, ते काही जिभेचं काम नव्हे.”

“वॉरेन गेलाय, मृणाल. मेलेल्या माणसाच्या नावावरचं काढून घ्यायचं? तेही त्याच्या मुलीच्या पुस्तकात? माझ्यासाठी त्याने शब्द टाकला होता.”

“आणि जिवंत माणसाचं काय? त्याच्या नावावरचं काढून घेतलंत ते चालतं वाटतं?” त्यांनी फोन आणून नवऱ्यापुढे ठेवला. “तिकडे दुपारचे दोन वाजलेत. जेवणं झाली असतील.”

कॅथरिनने आधी आनंदाने हॅलो म्हटलं. चारुदत्तांनी आडवळण घेतलं नाही. घेतलं असतं तर हिंमत टिकली नसती. दहा लाल, नऊ काळे, एक गुलाबी, असं त्यांनी तिला मांडून दाखवलं आणि मराठीत एकोणऐंशी कशाला म्हणतात तेही सांगितलं. पलीकडे पेन्सिलचा आवाज येत होता. मग तोही थांबला.

“बाबांना माहीत होतं?” तिने विचारलं.

“नाही. ते खेळत होते, मोजत नव्हते. चूक माझी, एकट्याची.”

“ते प्रकरण मी चार वेळा लिहिलंय,” ती म्हणाली. तिचा आवाज कापत होता. चारुदत्तांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग ती म्हणाली, “मी बदलीन. पण जेम्सना हे पुस्तकातून कळता कामा नये. ते सांगायचं काम मी तुमच्यासाठी करणार नाही. नंबर देते, तुम्ही सांगा.”

जेम्स आता ब्याण्णव वर्षांचा होता आणि वृद्धाश्रमात राहत होता. तिथल्या मुलीने त्याला बैठकीच्या खोलीत गाठून फोन हातात दिला. चारुदत्तांनी आपलं नाव सांगितलं.

“डॉक,” जेम्स म्हणाला. एवढंच.

“जेम्स, वॉरेनच्या त्या ब्रेकबद्दल...”

“एकोणऐंशी.”

चारुदत्त जिन्याच्या पायरीवर बसले.

“भिंतीजवळच्या बाकावर बसून मीही मोजत होतो,” जेम्स म्हणाला. “माझाच विक्रम जात होता, मोजणार नाही तर काय? तू एटी-नाइन म्हणालास तेव्हा मी उठलोसुद्धा. मग बघितलं, तुला काढायला टपलेले ते चौघं तुझ्याकडे बघत होते. मी तोंड उघडलं असतं तर शुक्रवारी ते म्हणाले असते की याचं नाव वॉरेनने सुचवलं म्हणून याने वॉरेनला दहा गुण दिले. तू गेला असतास. म्हणून मी त्याचा हात हातात घेतला.”

“जेम्स, मला...”

“थांब, मला बोलू दे. मी काही संत नाही. मला वाटलं, मतं पडली की हा पोरगा स्वतःच येईल. शनिवारी मी वाट पाहिली. त्याच्या पुढच्या शनिवारी पाहिली. दर ख्रिसमसला तुझं कार्ड यायचं, मी आधी मागची बाजू बघायचो, तिथे काही कबूल केलंयस का म्हणून. बायको गेली तेव्हा ते जाकीट तसंच कपाटात होतं. मी फार रागावलो होतो तुझ्यावर, डॉक. इतका राग मी आयुष्यात कुणाचा केला नाही.”

चारुदत्त रडत होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, अंगात कोट तसाच, पायात बूट तसेच, आणि गालांवरून पाणी वाहतंय. मृणालिनीबाई शेजारच्या पायरीवर येऊन बसल्या.

“हे पुस्तक निघालं नसतं तर फोन केला असतास?” जेम्सने विचारलं.

खोटं बोलायला सोपं होतं. चारुदत्तांनी डोळे पुसले. “नसता केला.”

पलीकडून एक खरखरीत आवाज आला. आधी त्यांना वाटलं खोकला आहे. जेम्स हसत होता.

“हे बरं केलंस. एवढं तरी खरं बोललास.”

“मी काय करू सांग, जेम्स. कॅथरिन प्रकरण बदलणार आहे. चौऱ्याऐंशी, तुझं नाव, सगळं येईल. मी चूक कबूल करून लिहून देतो. आणखी जे म्हणशील ते.”

जेम्सच्या मागे कपबशा वाजत होत्या, टीव्हीवर कसलीतरी जाहिरात चालू होती. “पुस्तक एप्रिलमध्ये येणार,” तो म्हणाला. “माझ्या वयाला एप्रिल लांब असतो. इथे आत्ता चहाला अकरा जण बसलेत. यातले दोघं त्या संध्याकाळनंतर क्लबात आलेले, पाटीवरचं नाव वाचून मोठे झालेले. मी फोन मोठ्या आवाजावर लावायला सांगतो. तू मार्कर होतास ना? मग पुकार.”

काहीतरी खुडबुड झाली. कुणीतरी टीव्ही बंद केला. एका म्हातारीने विचारलं की काय चाललंय, आणि जेम्सचा आवाज लांबून आला, “गप्प बसा सगळे, कॅनडाहून स्कोअर येतोय.”

चारुदत्त उठून उभे राहिले. मार्कर बसून पुकारत नाही. त्यांनी घसा साफ केला आणि पन्नास वर्षांपूर्वी त्या हॉलमध्ये बोलत तसे ते खणखणीत बोलले. वॉरेनचा ब्रेक एकोणऐंशी. मोजणाऱ्याने चुकून दहा जास्त सांगितले. क्लबचा विक्रम चौऱ्याऐंशी, जेम्सचा, तेव्हाही आणि आजही.

मृणालिनीबाईंनी नवऱ्याच्या कोटाची बाही घट्ट धरली होती. मग पलीकडे एकाने टाळी वाजवली, दुसऱ्याने वाजवली, आणि मग टाळ्यांमध्ये चमचे टेबलावर आपटल्याचा आवाज मिसळला.

“डॉक,” जेम्स म्हणाला. “खिडकीजवळच्या बाईंना नीट ऐकू येत नाही. पुन्हा एकदा सांग.”

चारुदत्तांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.