पुसायला आणलेला लॅपटॉप

शैलाताईंनी पिशवीतून आधी मेथीची जुडी काढून काउंटरवर ठेवली, मग तिच्याखालून लॅपटॉप काढला. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं एकत्र धरून पट्टी बांधलेली होती.

"सगळं पूस," त्या म्हणाल्या. "एक अक्षर ठेवू नकोस. नवीन टाक."

पेणकरपाड्यात माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे, नऊ बाय बाराचा गाळा. शैलाताई जुन्या गिऱ्हाईक. माहेर उत्तनजवळच्या चौक गावचं, मासेमारी करणाऱ्यांचं. लग्न होऊन मीरा रोडला आल्या. घरी बसून एका क्लाससाठी प्रश्नपत्रिका टाइप करायच्या. लॅपटॉप नऊ वर्षांचा, बिजागरी तुटलेली, चालू व्हायलाच सहा मिनिटं घ्यायचा. फॉरमॅट करूया असं मी दोनदा म्हटलं होतं. दोन्ही वेळा त्या म्हणाल्या होत्या, "यांना विचारून सांगते."

"विचारलंत?"

"न्हाय."

एरवी त्या अगदी पुस्तकी बोलायच्या. चौकची बोली त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकली.

मग बोटांचं सांगितलं. त्यांनी बहिणीला एक मेल लिहायला घेतला होता. दोनच वाक्यं लिहिली, भीती वाटली म्हणून खोडली, पाठवलाच नाही. संध्याकाळी सुभाषने, म्हणजे त्यांच्या नवऱ्याने, ती वाक्यं तोंडपाठ म्हणून दाखवली. पहिलं वाक्य म्हणताना त्यांची बोटं कपाटाच्या दारात धरली. दुसरं म्हणताना दार लावलं.

"मी पाठवलं पण नव्हतं गं," शैलाताई म्हणाल्या. "यांना कळलं कसं?"

मी लॅपटॉप चालू केला, सवयीने दुकानाच्या वायफायला जोडला आणि शोधायला बसले. वीस मिनिटांत सापडलं. प्रिंटरच्या नावाखाली एक प्रोग्राम लपवलेला होता. दाबलेलं प्रत्येक बटण तो लिहून ठेवायचा, दर पाच मिनिटांनी स्क्रीनचा फोटो काढायचा आणि सगळं एका मेलवर पाठवून द्यायचा. मेलचा पत्ता सुभाषच्या नावाचा. तारीख तीन वर्षांपूर्वीची.

मग दुसरीच गोष्ट लक्षात आली. मी झटकन वायफाय तोडलं.

"ताई, नेट मिळालं की हे त्यांच्या मोबाईलवर जातं. आत्ता पण गेलं असणार. सोबत वायफायचं नावही जातं, आणि आमच्या वायफायचं नाव म्हणजे दुकानाचंच नाव आहे."

"हे कामावर मोबाईल बघत नाहीत," त्या शांतपणे म्हणाल्या. "तू पूस."

"पुसलं तर पुरावा जाईल. पोलिसांत द्यायचं असेल तर डिस्क ठेवायला हवी."

"मला पुरावा नको. हा माणूस माझ्या मशीनमधून बाहेर काढ."

मी त्यांना न विचारता माझ्या मोबाईलने स्क्रीनचे अकरा फोटो काढले. मग पेनड्राइव्ह लावला आणि डिस्कचे भाग एकेक करून उडवले. शैलाताई खांद्यामागून बघत होत्या.

"गेलं?"

"गेलं. आता विंडोज पहिल्यापासून बसेल. जुनं मशीन आहे, तासभर लागेल."

त्या काउंटरच्या आत, शटरजवळच्या स्टुलावर बसल्या. हात मांडीवर, नजर रस्त्यावर. मी चहा मागवते म्हटलं तर नको म्हणाल्या.

तेवीस टक्के झाले तेव्हा सुभाष आला. भाईंदरच्या एका कारखान्यात तो सुपरवायझर होता. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, हातात हेल्मेट. मी त्याला आधी एकदाच पाहिलं होतं आणि मला तो सभ्य वाटला होता.

"मॅडम, तो लॅपटॉप माझा आहे. बिल माझ्या नावावर आहे," तो हसून म्हणाला. "द्या, आम्हाला घरी जायचंय."

"काम चालू आहे. मध्येच बंद नाही करता येत."

त्याने मान वाकवून स्क्रीन बघितली. टक्क्यांचा आकडा बघितला. तीन वर्षांची आपली पाळत संपलीय हे त्याला कळलं तो क्षण मला दिसला. चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त मान लाल झाली.

"शैला, चल."

"न्हाय येत."

त्याने हेल्मेट उचलून काउंटरच्या काचेवर मारलं. काच आतल्या चार्जर-माऊससकट खाली आली. दुसऱ्या हाताने त्याने शैलाताईंचा अंबाडा धरला आणि त्यांना फुटक्या काचेवरून आपल्याकडे ओढलं. त्यांच्या हनुवटीखाली कापलं, रक्त ब्लाउजवर आलं. त्या ओरडल्या नाहीत. मी ओरडले. मी त्याच्या हातावर बुक्क्या मारल्या, मनगटाला चावले, तसं त्याने हेल्मेट माझ्या तोंडावर हाणलं. माझा पुढचा दात तुटून जिभेवर आला. मी मागे रॅकवर पडले, आणि पडताना पाय वायरीत अडकून लॅपटॉपचा प्लग निघाला. बॅटरी कधीचीच मेली होती. स्क्रीन काळी झाली.

अंबाडा सुटून शैलाताई खाली बसल्या होत्या. सुभाष दुकानाबाहेर गेला. मला वाटलं संपलं, पळाला.

तो पळाला नव्हता. दुकानाला लागून सदूमामांची शहाळ्यांची गाडी असते. मामा समोरच्या दवाखान्यात शहाळी द्यायला गेले होते, कोयता गाडीवरच होता. तो कोयता घेऊन सुभाष आत आला आणि त्याने तो लॅपटॉपवर नाही, शैलाताईंवर उगारला.

मी का मध्ये गेले ते मला सांगता येणार नाही. विचार करून गेले नाही. उजवा हात पुढे केला आणि कोयता मनगटाच्या वर बसला. दुखलं नाही. लाकडावर बसावा तसा आवाज आला आणि बोटं आपोआप उघडली. त्याने कोयता ओढून काढला आणि परत उचलला.

शैलाताईंनी शटर ओढायचा लोखंडी हुक भिंतीवरून घेतला होता. चार फुटांची सळई. पहिला घाव त्यांनी त्याच्या मनगटावर घातला. कोयता खणकन पडला. दुसरा गुडघ्यावर. तो कोसळला, तसा तिसरा त्याच गुडघ्यावर. आतलं काहीतरी फुटल्याचं मला ऐकू आलं.

"शैला, नको... शैला, आई गं..."

"आता बग की!" त्या किंचाळल्या. "तीन वर्सं बगत व्हतास ना? बग!"

त्याच्या खांद्यावर, पाठीवर, डोकं झाकलेल्या हातांवर सळई पडत राहिली. पट्टी सुटून त्यांची बोटं काळीनिळी दिसत होती, त्याच बोटांनी त्यांनी सळई धरली होती. तो सरपटत दाराकडे गेला. त्यांनी त्याला पाय धरून आत ओढला. मी जमिनीवर बसून माझा हात ओढणीने आवळत होते. खरं सांगते, मी "ताई, बस" म्हणाले नाही. मला त्यांना थांबवायचंच नव्हतं. प्रत्येक घावाला माझ्या तोंडातल्या रक्ताला गोड चव येत होती.

थांबवलं सदूमामांनी. सत्तरीचा माणूस, त्याने मागून शैलाताईंना दोन्ही हातांनी कव घातली. "पोरी, मरंल तो. मरंल. तू आत जाशील." मामांच्या कवेत त्या आणखी दोनदा सळई उचलायचा प्रयत्न करत होत्या. मग त्यांनी सळई सोडली. दाराशी पन्नास माणसं जमली होती, आणि त्यांतली निम्मी मोबाईल वर धरून उभी होती.

माझ्या हाताला चौदा टाके पडले. सुभाषची गुडघ्याची वाटी आणि मनगट मोडलं, तीन बरगड्यांना तडे गेले. पोलिसांनी दोघांवर गुन्हे नोंदवले: त्याच्यावर खुनाच्या प्रयत्नाचा, शैलाताईंवर गंभीर दुखापतीचा. चौथ्या दिवशी शैलाताईंना जामीन मिळाला. त्यांचा भाऊ बाळाराम घ्यायला आला होता. हाच भाऊ इतकी वर्षं "संसारात व्हतं असं" म्हणून त्यांना परत पाठवत होता. आता तो बहिणीकडे न बघता माझ्या पट्टीकडे बघत होता.

नऊ दिवसांनी त्या दुकानात आल्या. काचा मी काढल्या होत्या, काउंटरवर प्लायवूड टाकलं होतं. लॅपटॉप होता तसाच होता, ना जुना ना नवा. चालू केला की काळ्या स्क्रीनवर एक ओळ यायची.

"परत पहिल्यापासून करावं लागेल," मी म्हटलं. "माझा हात चालत नाही. मी सांगते, तुम्ही करा."

त्यांनी केलं. एकेक भाग निवडला, काढून टाकला, "नक्की?" असं मशीनने विचारलं की मला न विचारता होकार दिला. फायली उतरायला लागल्या तेव्हा मी, जे नऊ दिवस मनात घोळत होतं, ते बोलले.

"ताई, माझ्यामुळे झालं. मी वायफाय जोडायला नको होतं."

त्यांनी माऊसवरचा हात काढला.

"तो येनार हे मला म्हाईत व्हतं," त्या म्हणाल्या. "हे त्याच्या मोबाईलवर जातं असं तू बोललीस तवाच मला कळलं. तो कामावर दर दहा मिन्टाला मोबाईल बगतो. तुला मी खोटं सांगितलं."

"का?"

"घरी आला असता तर घरात मी एकटी. दार बंद करून तो काय करतो ते कोणी बगितलं न्हाय कधी. हितं रस्ता व्हता, मान्सं व्हती. म्हटलं, एकदा लोकांम्होरं मारू दे. तुझा हात कापंल हे न्हाय म्हाईत व्हतं, रुचिता. देवाशपथ न्हाय."

मी उठून बाहेर गेले. सदूमामांच्या गाडीपाशी उभी राहिले. मला इतका राग आला होता की दातांच्या फटीतून श्वास शिट्टीसारखा येत होता. माझा हात, माझा धंदा, माझा दात. एक शब्द सांगितला असता तर मी शटर तरी अर्धं ओढलं असतं. मामांनी काही न विचारता शहाळं सोलून दिलं. कोयता पोलिसांनी नेला होता, हा नवा होता. मला तो बघवला नाही.

आत आले तेव्हा विंडोज बसलं होतं. शैलाताईंनी मला पासवर्डच्या वेळी मान फिरवायला सांगितलं. मी फिरवली. मग त्यांनी लॅपटॉप पिशवीत घातला आणि चौकला गेल्या. आता त्या तिथेच असतात, भावाच्या घरामागच्या खोलीत, आणि प्रश्नपत्रिका टाइप करतात. आम्ही फोनवर बोलतो, पण पूर्वीसारखं नाही.

मागच्या महिन्यात तपास करणाऱ्या बाईंनी मला पुन्हा जबाबाला बोलावलं. ते अकरा फोटो मी दिलेच होते. बाईंनी सगळं लिहून घेतलं आणि शेवटी पेन थांबवून विचारलं, "नवरा तिथे येणार हे शैलाला आधी माहीत होतं का? त्याच्या वकिलाचं म्हणणं आहे की तिने त्याला मुद्दाम बोलावून घेतलं."

माझ्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अजून मिटत नाहीत. मी तो हात टेबलाखाली घेतला.

"नाही," मी म्हणाले. "तिला काहीच माहीत नव्हतं."

बाईंनी ते लिहिलं. मी डाव्या हाताने सही केली.