छातीवर दादा

वहिनींना पळण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि हे त्या अभिमानाने सांगायच्या. "मागे कुत्रं लागलं नसताना माणूस पळतो कशाला?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. नवऱ्याला त्यांनी तो लग्न झाल्यापासून विचारला होता आणि नवऱ्याने तो लग्न झाल्यापासून हसण्यावारी नेला होता. नवरा म्हणजे दादा. चष्म्याचं दुकान पोटापुरतं, बाकी सगळा जीव पळण्यात. भल्या पहाटे गळ्यात शिट्टी अडकवून नदीकाठी जायचं आणि रिकामटेकड्यांचा घाम काढायचा. रिकामटेकडे हा शब्द वहिनींचा. त्यात औषधाच्या दुकानाचा मालक होता, त्याला सगळे केमिस्टच म्हणत. लांब्या होता, ज्याला दारातून वाकूनच यावं लागे. बँकेत नोकरी करणारी एक बाई होती. आणि अलीकडे दादांची एकुलती एक मुलगी होती, बारकी.

दादांना पळताना कधी साधी ठेच लागली नाही. गेले ते दुकानात, स्टुलावर बसल्याबसल्या, एका म्हाताऱ्याच्या चष्म्याची दांडी सरळ करता करता. "पळत होते तोवर ठणठणीत होते हो! बसले आणि गेले," वहिनी येईल त्याला सांगायच्या. ऐकणाऱ्याला हसावं की रडावं कळायचं नाही. वहिनींनाही कळत नव्हतं. रडून रडून डोळे कोरडे झाले, मग राग आला, आणि राग कुणावर काढायचा तेही समजेना. शेवटी त्यांनी हात कामात घातले.

काम त्यांचं छपाईच्या दुकानात. लग्नपत्रिका, दुकानाच्या पाट्या, वाढदिवसाचे फलक, कपावर फोटो, उशीवर फोटो, सांगाल त्यावर फोटो. काउंटरवर त्या एकट्या तिघांना भारी होत्या. शहरातली मोठी शर्यत जवळ आली तशी त्यांच्या डोक्यात एक गोष्ट शिरली, आणि वहिनींच्या डोक्यात शिरलेली गोष्ट बाहेर काढणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं. दादांनी या शर्यतीत नाव घातलं होतं. मग दादा पळणार! सगळ्यांच्या छातीवर बसून पळणार. सगळ्यांना एकसारखे शर्ट, पुढे दादांचा हसरा चेहरा, मागे "दादा, तुमच्यासाठी".

त्यांनी आधी पळणाऱ्यांचं ते पातळ जाळीचं कापड आणलं. खोटं कशाला बोला, आणलं होतं बाईने. पण त्या जाळीवर फोटो उमटेना. भोकाभोकांतून दादांच्या तोंडावर देवीचे व्रण उठल्यासारखे दिसायला लागले. वहिनींना ते बघवेना. मग त्यांनी जाड सुती कापड घेतलं, आणि काळं घेतलं, कारण काळ्यावर गोरा चेहरा उठून दिसतो. फोटो गळ्यापासून थेट बेंबीपर्यंत. गरम यंत्राखाली दाबला की त्यावर प्लास्टिकचा गुळगुळीत थर बसतो, मग दहा वर्षं धुवा, रंग जायचा नाही. यंत्रातून पहिला शर्ट निघाला तेव्हा वहिनींनी तो तसाच गरम गरम उराशी धरला. बऱ्याच दिवसांनी त्यांना बरं वाटलं.

आता दादांचा एक कायदा होता, आणि तो त्या टोळीतल्या प्रत्येकाला तोंडपाठ होता: शर्यतीच्या दिवशी नवं काही नाही. बूट नवे नाहीत, मोजे नवे नाहीत, चड्डी नवी नाही, खाणंसुद्धा रोजचंच. महिनाभर अंगावर घासून घासून जे आपलं झालंय तेच घालायचं. नवा फक्त छातीवरचा नंबर. लांब्याने एकदा हा कायदा मोडून नवीकोरी चड्डी घातली होती, तर मांड्या अशा सोलल्या की आठवडाभर बदकासारखा चालत होता आणि सगळी टोळी त्याच्यामागे क्वॅक क्वॅक करत फिरत होती. हा कायदा वहिनींनीही ऐकला होता. पण स्वयंपाकघरात भांडी घासताना नवऱ्याचं जेवढं ऐकू येतं तेवढाच.

शर्ट वाटायला त्यांनी सगळ्यांना घरी बोलावलं. केमिस्टने शर्ट हातात घेतला आणि त्याच्या हाताला लगेच कळलं. दादांच्या खालोखाल जुना पळणारा तोच. त्याने फोटोवरून अंगठा फिरवला, कापड चिमटीत धरून बघितलं.

"वहिनी, हे कापड..."

"काय कापडाचं?"

वहिनींचे डोळे त्याच्यावर रोखलेले. त्यांच्या मागच्या भिंतीवर तोच फोटो, चौकटीत. केमिस्टने शर्टाची घडी घातली.

"भारी आहे, म्हणतो मी. टिकाऊ."

मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कोणी? बँकवाली तर फोटो बघूनच रडायला लागली. लांब्याने शर्ट तिथेच अंगात चढवला, तो त्याला बेंबीच्या वरच राहिला, आणि दादा त्याच्या छातीवर आखडून बसल्यासारखे दिसले. त्यावर सगळे हसले, वहिनीसुद्धा हसल्या. त्या हसण्यात बोलायची वेळ निघून गेली.

बोलली ती बारकी.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी तिने दादांसारखेच कपडे पलंगावर मांडले. ही या पळणाऱ्यांची रीत. वर बनियन, खाली चड्डी, त्याखाली मोजे, त्याखाली बूट, म्हणजे सकाळी अंधारात काही विसरायला नको. लांबून बघितलं की पलंगावर चपटा माणूस झोपलाय असं वाटतं. दादा असे कपडे मांडायचे तेव्हा वहिनी त्यांना चिडवायच्या, "ह्यांना पांघरूण घालू का?" आज त्या दारात आल्या आणि थबकल्या. पलंगावर दादांचं बनियन होतं. विटकं, जाळीचं, खांद्याला भोक पडलेलं.

"हे काय?"

"बाबांचं आहे. बाजूने टीप मारून घेतली. बघ ना, मला बसतं आता. महिनाभर हेच घालून पळतेय मी."

"फरशी पुसायला काढलं होतं ते मी! आणि शर्ट?"

"आई, शर्ट मी शेवटी घालते. तू रेषेपाशी घेऊन उभी राहा. मी आले की लगेच अंगात चढवीन, मग काढ हवे तेवढे फोटो. पळताना नको गं. त्यात वारा जात नाही. गळ्यापासून पोटापर्यंत नुसतं प्लास्टिक आहे."

"प्लास्टिक?" वहिनींचा आवाज चढला. "बापाचं तोंड आहे ते. प्लास्टिक म्हणतेस?"

"तसं नाही म्हटलं मी..."

"परके लोक घालतायत. त्या लांब्याला तोकडा होतोय तरी घालतोय. आणि पोटची पोरगी फाटक्या बनियनवर जाणार? बापाचा फोटो जड झाला का तुला?"

झालं. एकदा तोंडातून गेलेला शब्द काही परत येत नाही.  बारकीला सांगता आलं असतं की कायदा बाबांचाच आहे, हे बनियनही बाबांचंच आहे, आणि आई, तुला बाबा भिंतीवरचेच माहीत, मला घामाचे माहीत आहेत. पण आईचा चेहरा बघून पोरीने तोंडात गुळणी धरली. बनियन उचललं, घडी घातली, कपाटात ठेवलं. पलंगावर त्या जागी काळा शर्ट पसरला. वहिनींनी स्वतः टाचण्या घेतल्या आणि नंबर चड्डीला लावला, फोटो झाकायला नको म्हणून.

सकाळी सगळी टोळी मैदानावर जमली तेव्हा लोक वळून वळून बघत होते. काळ्या शर्टांची रांग, प्रत्येकावर दादा हसतायत.  कुणी अनोळखी बाईने विचारलं, "कोण हो हे?" तर वहिनी म्हणाल्या, "माझे मिस्टर. आज पळतायत."

पळायला मात्र उशीर झाला. झेंडा दाखवायला येणारे पाहुणे आलेच नव्हते. पाहुणे साहेब झोपेतून उठून, आवरून, हार घालून घेऊन, दोन शब्द म्हणता म्हणता वीस शब्द बोलून मोकळे होईपर्यंत सूर्य चांगला वर आला होता. उभ्याउभ्याच पळणाऱ्यांना घाम फुटला. बारकीने शर्टाचा गळा दोनदा ओढून आत फुंकर मारली. वहिनींनी ते बघितलं. बघितलं आणि सावलीत छान जागा मिळतेय का ते शोधायला शेवटच्या रेषेकडे निघाल्या.

तिथे त्या मोबाइल हातात धरून उभ्या राहिल्या. अनोळखी माणसं येत होती, लालबुंद, मीठ सुकलेल्या तोंडांची. आपल्यातला पहिला आला लांब्या. उघडाबंब! शर्टाची गुंडाळी करून मुठीत धरलेली.

"अरे शर्ट कुठाय?" वहिनी ओरडल्या. "मेल्या, मी फोटो काय तुझ्या बरगड्यांचा काढू?"

लांब्याला बोलवेना. त्याने हाताने नुसतं सूर्याकडे दाखवलं आणि पाण्याच्या पिंपाशी जाऊन डोक्यावर तांब्या ओतायला लागला. पाठोपाठ बँकवाली आली. तिने आत रोजचा शर्ट घातला होता, काळा शर्ट काढून कमरेला बांधलेला, आणि बाह्यांच्या गाठीखाली दादांचं अर्धं तोंड दुमडलेलं. वहिनींचं मस्तकच फिरलं. "कमरेला बांधलंत त्यांना! ज्याने तुम्हाला पळायला शिकवलं त्याला एक सकाळ अंगावर ठेवता येईना तुम्हाला? शेवटच्या वळणाला तरी घालायचा!" बँकवाली खाली बसली आणि बुटाच्या नाड्या सोडायला लागली. आणखी दोघे आले. एकाने शर्ट डोक्याला गुंडाळला होता, दुसऱ्याने तो पुलावरच टाकून दिला होता.

वहिनी मनात म्हणाल्या, ठीक आहे, परके ते परकेच. माझी पोरगी काढणार नाही. सगळ्यांनी काढला तरी ती काढणार नाही. माझं रक्त आहे ते. त्यांना त्या रागातही बरं वाटलं, आणि त्या मान उंच करून रस्त्याकडे बघत राहिल्या. फोटो कसा घ्यायचा तेही त्यांनी ठरवलं. रेष ओलांडताना, दोन्ही हात वर, म्हणजे शर्टाला चुणी पडणार नाही.

बारकीपेक्षा हळू पळणारे आले. पोट सुटलेले आले. चालत येणारे आले. मग गर्दी विरळ झाली आणि वहिनींचा मोबाइल धरलेला हात आपोआप खाली आला.

केमिस्ट आला तो रस्त्याने नाहीच. तंबूंच्या मागून, कुंपण ओलांडून, धावत आला. अंगात शर्ट नव्हता.

"वहिनी, चला."

"बारकी कुठाय?"

"चला आधी."

वहिनी त्याच्यामागे निघाल्या. चालता चालता तो सांगत होता, धापा टाकत, तुटक तुटक. पुलापाशी सगळ्यांनी शर्ट काढले. त्याने तिलाही सांगितलं, बाळ, काढ, आत टॉप आहे ना तुझ्या, लाजतेस काय. ती नाही म्हणाली. पुढे तिचा घाम यायचा बंद झाला, तोंड नुसतं लाल. तो पुन्हा म्हणाला. ती पुन्हा नाही म्हणाली.

"का?" वहिनींनी विचारलं. "का नाही म्हणाली?"

केमिस्ट थांबला. त्याला ते सांगायचं नव्हतं.

"म्हणाली, शेवटी आई उभी आहे." मग त्याचा बांध फुटला. "मला त्या दिवशीच कळलं होतं, वहिनी. शर्ट हातात घेतला तेव्हाच. बोललो नाही मी. नालायक आहे मी."

तंबूत बारकी खाली ओल्या चादरीवर होती. काखेत, मानेला, मांड्यांपाशी बर्फाच्या पिशव्या. एक डॉक्टरीणबाई तिच्या अंगावर पाणी शिंपडत होती, दुसरा कोणी जोरजोरात पुठ्ठ्याने वारा घालत होता. काळा शर्ट कात्रीने उभा कापून बाजूला टाकला होता. वहिनींनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी गुडघे टेकले आणि पोरीच्या कपाळाला हात लावला. तव्याला हात लागावा तसा तो मागे आला.

"आई का तुम्ही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "आतून फार तापलीय. मेंदूपर्यंत गेलंय, असंबद्ध बोलतेय. मूत्रपिंडाचं काय झालंय ते हॉस्पिटलमध्ये कळेल. गाडी येतेय. मी आत्ता तुम्हाला काही शब्द देऊ शकत नाही."

"बारके," वहिनी म्हणाल्या. "ए बाळा. मी आलेय."

बारकीने डोळे उघडले. डोळे वहिनींवरून फिरले, तंबूच्या छतावर गेले, परत आले. त्यात ओळख नव्हती. सूज आलेल्या ओठांनी ती काहीतरी पुटपुटली. वहिनींनी कान तिच्या तोंडाशी नेला.

"काकू..."

"अगं, काकू काय? मी..."

"काकू, शर्ट काढला त्यांनी. मी नको म्हणत होते." तिला धाप लागली. हात चाचपडत उघड्या पोटावर गेला आणि तिथेच राहिला. "माझी आई बाहेर उभी आहे. तिला सांगू नका हां."

बाहेर गाडी मागे मागे येत होती, कोणीतरी "येऊ दे, येऊ दे" ओरडत होतं. केमिस्ट तंबूच्या दाराशी तोंड फिरवून उभा होता. वहिनींनी तो तापलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"नाही सांगत," त्या म्हणाल्या.

"शपथ?"

"शपथ. तुझ्या आईला कळणारसुद्धा नाही."

बारकीने डोळे मिटले. दोघांनी तिला उचललं, वहिनी तिच्या पायाशी गाडीत चढल्या आणि दार लागलं.